नट गोल झाला तर काय करावे?

प्रतिनिधी

पावसाळी रात्र, घाटातील वळण आणि पंक्चर झालेले चाक. डिकीतून स्टेपनी आणि जॅक बाहेर निघतो. चारपैकी तीन नट सुटतात, चौथ्यावर मात्र पाना घसरतो. पुन्हा जोर लावावा तर पाना नुसताच फिरतो आणि नटाचे कोपरे झिजून तो गोल होऊ लागतो. मोटार बाळगणाऱ्या अनेकांना हा अनुभव कधी ना कधी येतो. किमतीने क्षुल्लक असलेला हा सुटा भाग सगळ्या कुटुंबाला रस्त्यात अडकवून ठेवू शकतो. तोच भाग चुकीच्या रीतीने परत बसवला, तर धावत्या गाडीचे चाक निखळण्याचाही धोका असतो.

बिघडलेला नट काढण्याच्या अनेक युक्त्या आहेत आणि त्यांची माहिती पुढे दिली आहेच. मात्र त्याआधी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. नट बहुधा मागच्या वेळी आवळतानाच बिघडलेला असतो. तो काढताना आपल्याला फक्त त्याचा पत्ता लागतो. आणि एकदा बिघडलेला नट, तो कितीही घट्ट बसतो असे वाटले तरी, परत लावायचा नसतो.

दोन वेगळे बिघाड

'नट खराब झाला' असे आपण सरसकट म्हणतो, पण त्यात दोन निरनिराळे प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात नटाच्या बाहेरच्या सहा बाजूंचे कोपरे झिजतात. पान्याला पकडायला धार उरत नाही. आतील आटे मात्र शाबूत असतात, म्हणून नट जागेवर घट्ट असतो. गॅरेजमध्ये याला 'नट गोल झाला' म्हणतात.

दुसऱ्या प्रकारात बाहेरचा आकार ठीक असतो, पण आतले आटे गेलेले असतात. असा नट आवळताना काही काळ घट्ट होतो आणि मग एकाएकी सैल होऊन गरगर फिरू लागतो. हा प्रकार अधिक धोकादायक आहे. गोल झालेला नट निदान भार पेलत असतो. आटे गेलेला नट नुसता जागेवर अडकलेला असतो. बाहेरून पाहणाऱ्याला त्यातला फरक दिसत नाही.

नट बिघडतो कशामुळे?

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे चुकीच्या मापाचा पाना. अ‍ॅम्बेसिडरसारख्या इंग्रजी घडणीच्या गाड्यांमध्ये इंची मापाचे नट असत, त्यामुळे जुन्या गॅरेजांतून इंची पाने अजूनही आढळतात. आजच्या मोटारींचे नट मिलिमीटर मापाचे आहेत. पाऊण इंची पाना १९.०५ मिलिमीटरचा असल्याने तो १९ च्या नटाला नीट बसतो. अकरा-सोळांश इंची पाना मात्र १७.४६ मिलिमीटरचा असतो. तो १७ च्या नटावर चढतो खरा, पण जवळजवळ अर्धा मिलिमीटर सैल राहतो. तेवढी फट कोपरे खायला पुरेशी असते.

दुसरे कारण पान्याचा प्रकार. दोन टोकांचा उघडा फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो. रिंग पाना किंवा सॉकेट, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील 'गोटी', नटाला चहूबाजूंनी वेढते. गोटीतही सहा कोनांची आणि बारा कोनांची असे दोन प्रकार मिळतात. बारा कोनांची गोटी अडचणीच्या जागी चटकन बसते, पण घट्ट नटासाठी सहा कोनांचीच वापरावी. तिचा जोर कोपऱ्याच्या टोकाऐवजी सपाट बाजूवर पडतो.

तिसरे कारण गंज. मुंबई, रत्नागिरी, गोवा अशा किनारपट्टीवरील खारी हवा आणि पावसाळ्यातील चिखल आट्यांमध्ये शिरतो. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापते, त्यामुळे नट आणि बोल्ट एकमेकांत जाम होतात.

चौथे आणि शहरात सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे गरजेपेक्षा जास्त आवळणे. लहान व मध्यम मोटारींच्या चाकाचे नट साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर इतक्या जोराने आवळायचे असतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला ३४ किलो वजनाइतका दाब दिला की १०० न्यूटन-मीटर होतात. ७० किलो वजनाचा माणूस त्याच पान्यावर उभा राहिला तर हा जोर दोनशेच्या पुढे जातो. पंक्चरच्या दुकानातील हवेवर चालणारी गन तर काही शे न्यूटन-मीटरपर्यंत जोर लावू शकते. दोन सेकंदांत चाक घट्ट बसते आणि ग्राहकही खूश होतो. पुढच्या पंक्चरच्या वेळी मात्र रस्त्याच्या कडेला त्याच्या हातात गाडीसोबत मिळालेला आखूड पाना असतो.

काढण्याची सुरुवात सौम्य उपायाने

नट गोल होतो आहे असे जाणवताच थांबावे. प्रत्येक घसरणीबरोबर पुढचा उपाय अवघड होत जातो. चाकाचा नट असेल तर चाक जमिनीवर टेकलेले असतानाच तो सैल करावा. जॅकवर उचललेल्या गाडीवर जोर लावणे जिवावर बेतू शकते. हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या चाकांखाली दगड लावावा. महामार्गावर असाल तर धोक्याचे दिवे आणि त्रिकोण लावून, माणसांना रस्त्यापासून दूर उभे करून मगच कामाला हात घालावा.

प्रथम तारेच्या ब्रशने आट्यांचा दिसणारा भाग साफ करावा आणि गंज सोडवणारे पातळ तेल मारावे. आपल्याकडे घरोघरी ओळखीचे झालेले डब्ल्यूडी-४० हे द्रव १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगो येथे तयार झाले, ते पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. खास गंज सोडवणारी तेले या कामाला अधिक उपयोगी पडतात. कोणतेही तेल वापरले तरी त्याला वेळ द्यावा लागतो. पंधरा-वीस मिनिटे थांबावे, मधूनमधून नटावर हातोडीने हलके ठोके द्यावेत. त्या कंपनांमुळे तेल आत उतरते. तेल ब्रेकच्या डिस्कवर किंवा पॅडवर उडणार नाही याची काळजी घ्यावी.

मग योग्य मापाची सहा कोनांची गोटी पूर्ण खोलवर बसवून आधी नट किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा आणि नंतर उलट फिरवावा. या छोट्याशा हालचालीने गंजाची पकड तुटते. जोर झटक्याने न देता एकसारखा द्यावा.

सौम्य उपाय थकले तर

तरीही पाना घसरत असेल, तर पुढील उपाय क्रमाने करून पाहावेत.

एक : नटापेक्षा किंचित लहान मापाची, टाकाऊ गोटी हातोडीने नटावर ठोकून बसवावी. मऊ पडलेल्या कोपऱ्यांत ती रुतते आणि नट फिरतो.

दोन : आतून उलट्या पिळाच्या धारा असलेली खास गोटी हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांत मिळते. जितका जोर लावावा तितकी ती नटात रुतत जाते. गोल झालेल्या नटासाठी हे सर्वांत खात्रीचे साधन.

तीन : नटाच्या बाजूला मोकळी जागा असेल, तर कानशीने दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करून त्यावर लहान मापाचा पाना किंवा लॉक होणारी पकड लावावी.

चार : नट तापवावा. लोखंड तापले की प्रसरण पावते. १२ मिलिमीटरचा नट बोल्टपेक्षा ३०० अंशांनी अधिक तापला, तर त्याचे छिद्र जेमतेम चार शतांश मिलिमीटरने मोठे होते. पण गंजाची पकड मोडायला तेवढे पुरते. मात्र हा उपाय गॅरेजमध्येच करावा. टायर, ब्रेकचे रबरी पाइप, इंधनाची नळी किंवा बेअरिंग जवळ असताना ज्योत वापरू नये. तेल फवारलेल्या जागी तर मुळीच नाही.

पाच : नट फोडावा. नट फोडण्याचे स्क्रूचे साधन मिळते; ते नसेल तर धारदार छिन्नीने नटाची एक बाजू चिरता येते. डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय छिन्नीला हात लावू नये.

सहा : गोल झालेल्या नटावर दुसरा मोठा नट वेल्डिंगने जोडावा. उष्णतेमुळे गंज सुटतो आणि पान्याला नवी पकडही मिळते. त्यापूर्वी गाडीच्या बॅटरीची जोडणी काढलेली असावी.

आटे गेलेला नट जागच्या जागी फिरत असेल, तर त्याच्या मागे स्क्रू ड्रायव्हर सारून तो बाहेरच्या बाजूला दाबत फिरवावा. उरलेल्या आट्यांवर तो चढून बाहेर येतो. न आल्यास फोडणे हाच मार्ग. नटाबरोबर आतला स्टडही फिरत असेल, तर हबमधील त्याची पकड सुटली आहे असे समजून काम मेकॅनिककडे सोपवावे.

नवा नट निवडताना

जुना नट निघाला की काम संपले असे वाटते. प्रत्यक्षात चाकाची सुरक्षितता यापुढच्या निवडीवर ठरते. नटाचा केवळ बाहेरचा आकार जुळणे पुरेसे नाही. मारुती सुझुकीच्या बहुतेक गाड्यांत चाकाच्या स्टडचा व्यास १२ मिलिमीटर आणि दोन आट्यांतील अंतर १.२५ मिलिमीटर असते. टोयोटा, होंडा आणि ह्युंदाईच्या बहुतेक मोटारींत व्यास तोच, पण आट्यांतील अंतर १.५ मिलिमीटर. एकाचा नट दुसऱ्यावर एक-दोन फेरे चढतो आणि अडकतो. इथे हवेची गन चालवली की नट आणि स्टड दोन्ही कामातून जातात. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या मोटारींत तर नटाऐवजी थेट हबमध्ये बसणारे बोल्ट असतात.

नटाचे चाकावर टेकणारे तोंडही पाहावे. ते निमुळते, गोलाकार किंवा सपाट असू शकते. होंडाच्या मूळ चाकांना गोलाकार तोंडाचे नट लागतात, तर बाजारातील बहुतेक अलॉय चाकांना निमुळत्या तोंडाचे. चुकीचे तोंड चाकाच्या छिद्रात नीट बसत नाही आणि काही काळाने नट ढिला होतो. म्हणून अलॉय चाके बसवताना त्यांचेच नट घ्यावेत आणि स्टेपनी लोखंडी असेल तर तिच्यासाठी चालणारे नट गाडीत ठेवावेत. वरून चकाकी देणारे पातळ टोपण बसवलेले नट शक्यतो टाळावेत. टोपणाखाली गंज धरला की ते फुगते आणि पाना बसेनासा होतो.

स्टडचे आटे किरकोळ दुखावले असतील, तर योग्य मापाची डाय फिरवून ते साफ करता येतात. आट्यांचा धातूच निघून गेला असेल, तर स्टड बदलावा. तो हबच्या मागून दाबून बसवलेला असतो, ठोकून काढता येतो आणि नवा बसवता येतो. इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या भागातील, उदाहरणार्थ स्पार्क प्लगच्या जागेचे, आटे गेले असतील, तर भोक मोठे करून त्यात नवे आटे पाडतात आणि पोलादी तारेचे वेटोळे बसवतात. 'हेलिकॉइल' या नावाने ओळखली जाणारी ही दुरुस्ती नीट केल्यास टिकाऊ ठरते.

इतर ठिकाणच्या बोल्टच्या डोक्यावरील ८.८ किंवा १०.९ हे आकडे त्याची ताकद सांगतात. १०.९ च्या जागी ८.८ चा बोल्ट वापरू नये. आतून नायलॉनचे कडे असलेले नट आणि स्टिअरिंगच्या सांध्यांतील कॉटर पिना दरवेळी नव्याच घालाव्यात. ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन यांचे बिघडलेले नट घरी काढण्याचा मोह टाळलेलाच बरा.

परत बसवताना

नवा नट पहिले काही फेरे हातानेच चढवावा. हाताने चढत नसेल तर तो तिरका लागला आहे. काढून पुन्हा सुरुवात करावी. १२ मिलिमीटरच्या स्टडवर नट किमान आठ ते दहा फेरे चढला पाहिजे. चाकाच्या आट्यांना, पुस्तिकेत सांगितले नसेल तर, तेल किंवा ग्रीस लावू नये. आवळण्याच्या जोरापैकी सुमारे ९० टक्के भाग घर्षणातच खर्च होतो. तेलाने ते घर्षण कमी झाले की तेवढ्याच जोरात स्टड प्रमाणापेक्षा जास्त ताणला जातो.

नट ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळावेत. चाक जमिनीवर टेकल्यावर शेवटचा जोर टॉर्क रेंचने, पुस्तिकेतील आकड्याइतका द्यावा. ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर तो पुन्हा तपासावा. चारपैकी एक नट बसवता येत नसेल, तर उरलेल्या तिघांच्या भरवशावर महामार्ग गाठू नये. गाडी सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत न्यावी किंवा ओढून न्यावी.

यातील सर्वांत स्वस्त उपाय पंक्चरच्या दुकानातच करता येतो. नट हाताने चढवायला आणि शेवटचा जोर टॉर्क रेंचने द्यायला सांगावे. दुकानात टॉर्क रेंच नसेल, तर गाडीतल्या पान्याने नट एकदा सैल करून हातानेच पुन्हा आवळून घ्यावेत. आपल्या पान्याने आणि आपल्या ताकदीने ते सुटतात, याची खात्री तिथेच होते. घरी परतल्यावर टॉर्क रेंचने ते एकदा तपासून घेतले की घाटातल्या त्या वळणाची चिंता उरत नाही.