मेरुरज्जूच्या इजेनंतर हाताच्या कार्याचे पुनःस्थापन

मानेतील मेरुरज्जूस (मणक्यांच्या पोकळीतील तंत्रिका-दोरास) इजा झाल्याने लुळा पडलेला हात पुन्हा कामास आणण्याच्या उपायांचा यात समावेश होतो. कंडरांचे स्थलांतर, तंत्रिकांची नवी जोडणी व विद्युत् उद्दीपकाचे रोपण हे त्यांतील प्रमुख उपाय होत.

मेरुरज्जूचा पाचवा ग्रैव (मानेतील) खंड शाबूत असेल, तर खांदा हलतो व कोपर वाकते. सहावा शाबूत असेल, तर मनगटही उचलता येते. बोटांच्या बारीक हालचाली मात्र आठव्या ग्रैव व पहिल्या पृष्ठीय खंडांवर अवलंबून असतात. मनगट वर उचलले की, बोटे आपोआप थोडी मिटतात. या अल्पशा पकडीवर पुष्कळ रुग्ण जन्मभर काम भागवितात. इजेच्या खालील स्नायू व त्यांच्या तंत्रिका बहुधा जिवंत असतात. मेंदूची आज्ञा तेवढी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. सर्व विद्युत् रोपणे याच वस्तुस्थितीवर आधारलेली आहेत.

वाहनांच्या अपघातांखेरीज उंचावरून पडणे हे भारतातील अशा इजांचे मोठे कारण आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वासिष्ठीच्या मुखाशी वसलेल्या अंजनवेलसारख्या गावी नारळ, सुपारी व आंबा उतरविण्यासाठी झाडावर चढावे लागते. पडलेल्या माणसास हातापायांना धरून उचलले आणि मानेला आधार दिला नाही, तर अर्धवट राहिलेली इजा पूर्ण होऊ शकते. पुढे चिपळूण वा रत्नागिरीपर्यंतचा वळणावळणाचा रस्ता असतोच.

प्राचीन ईजिप्तमधील एका वैद्यकीय पपायरसात ही इजा उपचारापलीकडची म्हटली आहे. हे मत दुसऱ्या महायुद्धापर्यंत फारसे बदलले नाही. लूटव्हिख गुटमान यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे खास विभाग सुरू केल्यावर रुग्ण जगू लागले आणि जगलेल्यांच्या हातांचा प्रश्न पुढे आला. मुंबईची अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था १९५५ मध्ये व पुण्याजवळील खडकीचे जखमी जवानांसाठीचे पुनर्वसन केंद्र १९७४ मध्ये स्थापन झाले. १९६५ च्या युद्धात पाठीच्या कण्यात गोळी लागलेले महाराष्ट्राचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडल्‌बर्ग येथे जलतरणात सुवर्णपदक मिळविले. ते शक्य झाले, कारण त्यांचे हात शाबूत होते. मानेच्या इजेत नेमके तेच जाते. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चारही अवयव लुळे पडलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांनी चालण्यापेक्षाही हात परत मिळण्यास पहिले स्थान दिले.

शस्त्रक्रियेचा मार्ग भारतास आधीच परिचित होता. पॉल ब्रँड (१९१४–२००३) यांनी वेल्लोर येथे व नोशिर अँटिया यांनी पुण्याजवळ कोंढवा येथे कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांसाठी सशक्त स्नायूची कंडरा हलवून बसविली. स्वीडनमधील एरिक मोबर्ग यांनी १९७० नंतरच्या दशकात मेरुरज्जूच्या रुग्णांसाठी अशाच शस्त्रक्रियांचा पुरस्कार केला. या शस्त्रक्रियेस यंत्र लागत नाही. कुशल शल्यविशारद आणि काही महिन्यांचा व्यायाम पुरतो. तरीही तिचा वापर व्हावा तितका होत नाही.

विद्युत् उद्दीपनाने हात मिटविण्याचा पहिला प्रयत्न चार्ल्स लाँग व त्यांच्या सहकाऱ्याने अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे केला (१९६३). तेथेच हंटर पेकहॅम यांच्या गटाने १९८६ मध्ये ‘फ्रीहँड’ या उपकरणाचे प्रथम रोपण केले. छातीच्या त्वचेखाली बसविलेल्या उद्दीपकातून आठ तारा हाताच्या स्नायूंपर्यंत जात. त्यास शक्ती व आज्ञा त्वचेवरील वेटोळ्यातून रेडिओ तरंगांनी मिळे. रुग्ण दुसरा खांदा हलवून पकड घट्ट वा सैल करी. पेला धरण्याची व किल्ली धरण्याची अशा दोन पकडी साधत. अमेरिकी शासनाने १९९७ मध्ये त्यास मान्यता दिली व सुमारे २५० रुग्णांना ते बसविले गेले. पण रुग्णसंख्या थोडी व खर्च मोठा असल्याने उत्पादक कंपनीने २००१ मध्ये विक्री थांबविली. उपकरण निकामी नव्हते. बाजार अपुरा होता. शरीरात कायम राहणाऱ्या यंत्राची निगा पुढे कोणी राखावयाची, हा प्रश्न तेव्हापासून अनुत्तरित आहे.

नंतरचे संशोधन आज्ञा थेट मेंदूतून घेण्याकडे वळले. इअन बर्कहार्ट यांच्या मेंदूत २०१४ मध्ये विद्युत् अग्रांची चकती बसविण्यात आली. तिच्या संदेशांचे संगणकाने विश्लेषण करून हातावरील पट्ट्याद्वारे स्नायू उद्दीपित केले जात व ते बाटलीतील पदार्थ ओतू शकत. मात्र संसर्गामुळे २०२१ मध्ये चकती काढावी लागली. क्लीव्हलँडच्या बिल कोचेव्हार यांनी मेंदू व हात या दोहोंतील अग्रांच्या साहाय्याने स्वतःच्या हाताने कॉफी घेतल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. हे प्रयोग प्रयोगशाळेतील तारांना बांधलेले होते.

मानेच्या त्वचेवर अग्रे ठेवून मेरुरज्जूच उद्दीपित करण्याच्या पद्धतीस रोपण लागत नाही. साठ रुग्णांवरील चाचणीत (२०२४) त्यांपैकी ७२ टक्क्यांच्या हाताचे बळ व कार्य सुधारले आणि त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. तिच्यासोबत व्यायामही करावा लागतो, आणि जेथे रज्जूतील काही मार्ग शिल्लक आहेत तेथेच ती उपयोगी पडते.