आगबोटीवरील जागा



शिक्षकाने वर्गात सांगितलेली गोष्ट विद्यार्थी बहुधा जन्मभर खरी मानून चालतात. त्यामुळे व्यापाऱ्याच्या चुकीपेक्षा शिक्षकाची चूक अधिक दीर्घायुषी असते. व्यापाऱ्याची चूक वर्षअखेरीस खातेवहीत सापडते. आमची चूक मुलांच्या मुलांपर्यंत जाऊन पोहोचते. माझ्या हातून घडलेल्या अशाच एका चुकीची दुरुस्ती करावी, हा आजच्या भाषणाचा एक हेतू आहे. विषय वरवर पाहता हलका वाटेल. समुद्रप्रवासाला निघालेल्या माणसाने आगबोटीवर खोली कोठे घ्यावी, एवढाच तो प्रश्न. परंतु या प्रश्नाच्या पोटात भूगोल आहे, यंत्रविद्येचा इतिहास आहे, आणि माणसामाणसांतील उच्चनीचतेची एक वंशावळही आहे.

'पॉश' हा शब्द आपण नित्य वापरतो. पॉश वस्ती, पॉश दुकान असे सहज म्हणतो. सुवेझ कालव्याचा धडा आला की मी या शब्दाची उत्पत्ती मोठ्या उत्साहाने सांगत असे. विलायतेहून मुंबईस येणारे श्रीमंत साहेबलोक जाताना बोटीच्या एका बाजूची आणि परतताना दुसऱ्या बाजूची खोली राखून ठेवीत. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम', म्हणजे येताना डावी, जाताना उजवी, या चार शब्दांची आद्याक्षरे त्यांच्या तिकिटांवर उमटवलेली असत आणि त्यांतूनच 'पॉश' हा शब्द जन्मास आला, असे मी फळ्यावर लिहून दाखवी. मुले खूष होत, मीही खूष होई. पुढे माझा एक विद्यार्थी मालवाहू जहाजावर अधिकारी झाला. सुटीत भेटावयास आला असता त्याने नम्रपणे विचारले, "सर, तसले एखादे तिकीट आपण पाहिले आहे काय?" मी निरुत्तर झालो. म्हातारपणी विद्यार्थ्याकडून परीक्षा घेतली जाणे, यासारखे हितकर दुसरे काही नाही.

प्रथम या समजुतीतील भूगोल तपासू. सुवेझहून निघालेली बोट तांबड्या समुद्रातून आग्नेयेकडे उतरते आणि एडन सोडल्यावर पूर्वेस थोडी उत्तरेकडे झुकून मुंबईचा रस्ता धरते. तांबड्या समुद्रात तिची डावी बाजू पूर्वेकडे असते आणि उजवी पश्चिमेकडे. दुपारपासून मावळतीपर्यंतचे तापलेले ऊन उजवीकडील खोल्यांना सोसावे लागते. त्या खोल्यांचे लोखंड रात्री निजावयाच्या वेळीही निवत नाही. पुढे अरबी समुद्रात उजवी बाजू दक्षिणेकडे येते आणि वर्षातील बहुतेक महिने सूर्य दक्षिणेकडेच असतो. म्हणजे येताना डावी बाजू थंड आणि परत जाताना अर्थातच उजवी. येथवर हिशेब बिनचूक आहे.

पण निसर्ग कोणताही नियम बारा महिने पाळीत नाही. मुंबईच्या आकाशात मे महिन्याच्या मध्यास सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो, त्यानंतर तो उत्तरेकडे सरकतो आणि जुलैच्या अखेरीस पुन्हा डोक्यावरून दक्षिणेस परततो. या मधल्या काळात माध्यान्हीचे ऊन उत्तरेकडून येते आणि अरबी समुद्रातला सारा हिशेब उलटतो. शिवाय हेच दिवस नैर्ऋत्येच्या पावसाळी वाऱ्याचे. मुंबईहून एडनकडे निघालेल्या बोटीच्या डाव्या अंगावर लाटा आदळत आणि त्या बाजूची खालची गवाक्षे घट्ट मिटून ठेवावी लागत. तेव्हा परतीच्या प्रवासात उजवी बाजू बरी, ती उन्हामुळे नव्हे तर लाटांमुळे. असा हा नियम अनुभवी प्रवाशांना ठाऊक असणे स्वाभाविक होते. परंतु आद्याक्षरांचा शिक्का असलेले एकही तिकीट आजवर मिळालेले नाही. त्या मार्गावर बोटी चालविणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या दप्तरातही असल्या प्रथेचा पुरावा सापडलेला नाही. उलट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच इंग्रजी बोलीच्या कोशांत 'पॉश' हा शब्द नाणे आणि छानछोकी माणूस अशा अर्थांनी नोंदलेला आढळतो. सारांश, भूगोल खरा, पण व्युत्पत्ती निराधार. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे ऐकत असतील, तर त्यांनी आपल्या वहीतील ती ओळ खोडावी.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शिडांच्या जहाजांच्या काळात उत्तम जागा म्हणजे जहाजाची पिछाडी. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येत आणि त्या प्रवासास चार ते सहा महिने लागत. जहाजाच्या मागील टोकास मोठ्या खिडक्यांची दालने असत. सुकाणू, कप्तान आणि अधिकारी यांचा वावर तेथेच असल्याने मानही तेथेच. पुढील नाळेवर लाटांचा मारा होई, पिछाडी त्यामानाने कोरडी राही. प्रवासी भाड्याचा सौदा बहुधा कप्तानाशीच करीत. खोली म्हणजे पुष्कळदा कॅनव्हासचा आडोसा. त्यात खाट, मेज, खुर्ची ही ज्याची त्याने आणावयाची आणि जमिनीला बांधून ठेवावयाची. शत्रूचे जहाज दिसले की हे आडोसे दूर करून तेथे तोफांना जागा करीत. म्हणजे पैसे मोजून घेतलेली खोली एका आरोळीसरशी नाहीशी होई!

वाफेचे यंत्र आले, तरी जुना मान काही काळ पिछाडीलाच राहिला. खोलीचे चित्र आणि प्रत्यक्ष खोली यांतील अंतरही तेव्हापासूनचेच. सन १८४२ च्या जानेवारीत चार्ल्स डिकन्स हा कादंबरीकार 'ब्रिटानिया' बोटीने लिव्हरपूलहून अमेरिकेस निघाला. कचेरीत टांगलेल्या नकाशाचित्रात जी खोली ऐसपैस दिसली होती, ती प्रत्यक्षात पेटीएवढी निघाल्याची थट्टा त्याने आपल्या अमेरिकेवरील प्रवासग्रंथात मनमुराद केली आहे.

पुढे बाजूच्या चाकांऐवजी पाण्याखालील मळसूत्री पंखा आला. तो फिरतो जहाजाच्या मागील टोकास; त्यामुळे त्याचा थरकाप आणि घरघर अहोरात्र नेमकी त्या मानाच्या खोल्यांतच. यंत्र बदलले, पण मानाची जागा बदलावयास एक पिढी लागली. सन १८७१ मध्ये व्हाइट स्टार कंपनीच्या 'ओशियानिक' बोटीने पहिल्या वर्गाचा मुक्काम पिछाडीवरून उचलून मध्यभागी आणला आणि पुढे तोच पायंडा पडला.

मध्यभागच का? तराजूची दांडी डोळ्यांपुढे आणा. तिची टोके खालीवर होतात, मधला आस मात्र जागच्या जागी राहतो. लाटांवर जहाज पुढे-मागे झुलते तेव्हा नाळ आणि पिछाडी कित्येक हात उचलली जातात. मध्यास तो झोका अगदी कमी लागतो. तसेच ते डावी-उजवीकडे कलते तेव्हा सर्वांत वरच्या मजल्यावरचा माणूस अधिक हेलकावतो आणि पाण्याच्या पातळीजवळचा कमी. म्हणून ज्याला समुद्र लागतो त्याने मध्यभागी व खालच्या अंगास राहावे. परंतु खाली उजेड कमी, वारा कमी आणि यंत्रशाळेची धग जवळ. म्हणजे पोटाला जी जागा मानवते ती नाकाला मानवत नाही!

या वाऱ्यासाठी माणसाने किती युक्त्या केल्या! लिव्हरपूल ते रंगून अशा बोटी चालविणाऱ्या बिबी कंपनीने आतल्या खोलीला एक चिंचोळी वाट जोडून ती बोटीच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत नेली आणि तिच्या टोकाला गवाक्ष बसविले. त्या आडव्या-उभ्या आकाराच्या खोल्यांना पुढे 'बिबी केबिन' असेच नाव पडले. गवाक्षाचा विषय निघाला म्हणून सांगतो. महाराष्ट्राच्या इतिहासात बोटीचे एक गवाक्ष अजरामर झाले आहे. सन १९१० च्या ८ जुलै रोजी मार्सेल्स बंदरात 'मोरिया' बोटीच्या शौचकूपातील गवाक्षातून विनायक दामोदर सावरकरांनी समुद्रात उडी घेतली. केवळ वाऱ्यासाठी पाडलेल्या त्या भोकाने पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायासनापर्यंत खटला नेला.

आणि तांबड्या समुद्राची गंमत पाहा. वारा बोटीच्या पाठीमागून तिच्याच गतीने वाहू लागला की डेकवरही पान हलत नसे. मग भारी भाडे देऊन डावी-उजवी पारखून घेतलेल्या खोल्या ओस पडत आणि साहेब-मडमा गाद्या घेऊन उघड्या डेकवर येत. पुरुष एका बाजूस, स्त्रिया दुसऱ्या. पहाटे खलाशी डेक धुवावयास आले की सर्वांना पुन्हा खाली पिटाळीत. ज्या उघड्या आकाशाखाली गरीब उतारू नाइलाजाने निजे, तेथेच श्रीमंताला झोप लागे.

तरीही जागेचा प्रश्न केवळ सुखाचा नव्हता. सन १८९३ च्या एप्रिलमध्ये तरुण बॅरिस्टर मोहनदास गांधी दक्षिण आफ्रिकेस निघाले, तेव्हा मोझांबिकचे गव्हर्नर-जनरल त्याच बोटीने जात असल्याने पहिल्या वर्गात जागा उरली नव्हती. डेकवरून जाण्यास गांधी तयार होईनात. ते स्वतः बोटीच्या मुख्य अधिकाऱ्यास भेटले आणि त्याने आपल्याच खोलीतील एरवी प्रवाशांना न मिळणारी जादा जागा त्यांना देऊ केली. हा प्रसंग त्यांच्या आत्मकथेत आहे. मागितल्याने जागा मिळाली; पण मागण्याचे धैर्य आणि पहिल्या वर्गाचे भाडे, दोन्ही जवळ असावी लागली.

याहून कठोर उदाहरण 'टायटॅनिक'चे. त्या बोटीत पहिला वर्ग मध्यभागी वरच्या मजल्यांवर होता आणि तारणहोड्याही वरच होत्या. तिसऱ्या वर्गातील एकटे पुरुष नाळेकडे, एकट्या स्त्रिया व कुटुंबे पिछाडीकडे ठेवली होती. सन १९१२ च्या एप्रिलमधील त्या रात्री पहिल्या वर्गातील ३२५ पैकी २०३ प्रवासी वाचले; तिसऱ्या वर्गातील ७०६ पैकी केवळ १७८, असे ब्रिटिश चौकशीचे आकडे आहेत. खोलीपासून वरच्या डेकपर्यंतचे अंतर हेच पुष्कळांच्या आयुष्याचे अंतर ठरले. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाने ती खोली निवडली नव्हती, ती त्याच्या खिशाने निवडली होती.

आज ती विलायतेची आगबोट इतिहासजमा झाली आहे. विमानाने तिचा धंदा संपविला. सन १९५० मध्ये पी अँड ओच्या 'चुसान' बोटीला पाण्याखाली पंखासारखे स्थिरक बसविले गेले. पुढे अशा साधनांनी हेलकावे पुष्कळ कमी केले. यंत्राने गार केलेल्या हवेमुळे डाव्या-उजव्याचा तंटाही मिटला. आता लोक मुक्कामास पोहोचण्यासाठी नव्हे, तर समुद्रावर राहण्यासाठीच जहाजात बसतात. त्यांना माझे सांगणे एवढेच : समुद्र लागत असेल तर मध्यभाग घ्यावा, खालच्या मजल्यावर राहावे आणि आपल्या डोक्यावर नाचघर नाही, हे नकाशात आधी पाहून घ्यावे.

माझ्यापुरते म्हणाल, तर मी विलायतेच्या बोटीत कधी बसलो नाही. माझा समुद्र कोकणच्या बोटीचा. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून आम्ही गावी जात असू. बोटीत पाय ठेवताच लोक वाऱ्याची बाजू गाठण्यासाठी धावत. माझी आई मात्र सतरंजी घेऊन जिन्याजवळ बसे. तेथे वर्दळ फार, वारा बेताचा. येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय लागत. मी कुरकुर करी, "आई, तिकडे समुद्र दिसतो." ती म्हणे, "समुद्र दिसला नाही तरी चालेल रे. वाट दिसली पाहिजे."

तिचे हे बोलणे मला पुष्कळ वर्षांनी उमगले. सन १९४७ च्या १७ जुलै रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. तेव्हा आई लहान मुलगी होती. किनाऱ्यावरच्या घराघरांतून ती आठवण पुढे कितीतरी वर्षे प्रत्येक प्रवासाबरोबर बोटीत चढत असे. आईला नौकाशास्त्र ठाऊक नव्हते, तराजूच्या दांडीचा दृष्टांतही ठाऊक नव्हता. पण जागा निवडताना प्रथम काय पाहावे, हे तिला ठाऊक होते. फळ्यावर मी जे लिहीत आलो, त्यापेक्षा सतरंजी पसरताना तिने शिकविलेला धडाच अधिक खरा होता, एवढे कबूल करून मी आपली रजा घेतो.