पाटी, खडू आणि तीन बाण



घायपात आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? शेताच्या बांधावर, पडीक माळावर काटेरी टोकांची जाड पाने पसरून ते उभे असते. त्याची पाने कुजवून, ठेचून वाख काढायचा आणि दोर वळायचे, हे काम कित्येकांच्या घरी झालेले असेल. याच घायपाताच्या एका जातीला सिसाल म्हणतात. त्या सिसालच्या वाखाने दूर इंग्लंडातल्या एका खेळाचे रूप पालटून टाकले. त्या खेळाचे नाव डार्ट्स, म्हणजे हाताने फेकायच्या छोट्या बाणांचा खेळ.

हा खेळ वाढला तो तिथल्या पबमध्ये. पब म्हणजे पब्लिक हाऊस, गल्लीतले किंवा गावातले मद्यगृह. दारूने आपल्याकडे किती संसार धुळीला मिळवले ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे, तेव्हा पबची भलामण करायला मी बसलेलो नाही. पण इतिहास सांगायचा तर माणसे जिथे जमत होती तिथेच जावे लागते. कारखान्यातला, खाणीतला मजूर दिवसभर राबून संध्याकाळी जाणार कुठे? घर दोन खोल्यांचे आणि बाहेर थंडी. मग कोपऱ्यावरच्या पबमध्ये शेकोटीपाशी तो बसे. आपल्या गावात पाराचे जे स्थान, तेच तिथे पबचे. त्यातही दोन भाग असत. जरा बऱ्या कपड्यांतल्या लोकांसाठी गालिचाची खोली आणि मजुरांसाठी साधी खोली. बाणांची फळी बहुतेक साध्या खोलीत टांगलेली असे.

आता ही फळी कशी असते ते पाहू. व्यास सुमारे अठरा इंच. तिचे वीस भाग पाडलेले, पण आकडे क्रमाने नाहीत. सर्वांत वर २०, पण त्याच्या एका बाजूला ५ आणि दुसऱ्या बाजूला १. १९च्या शेजारी ३ आणि ७. १८च्या शेजारी १ आणि ४. मोठ्या आकड्यावर नेम धरावा आणि हात केसभर हलला की पदरात पडावा एखादा क्षुल्लक आकडा! नशिबावर भरवसा ठेवणाऱ्याला ही फळी शिक्षा करते, नेमबाजाला बक्षीस देते.

हे मुद्दाम सांगतो, कारण खेळापुढे खरा प्रश्न तोच उभा होता: हे कौशल्य की नशीब? पबचा परवाना मॅजिस्ट्रेटच्या हाती. १८७२च्या परवाना कायद्याप्रमाणे पबमध्ये जुगार चालू देणारा मालक गुन्हेगार ठरे. हा खेळ नशिबाचा ठरला की मालकाच्या पोटावर पाय आलाच. लीड्स शहरातली १९०८ची एक कथा फार सांगितली जाते. एका पबमालकावर असाच खटला झाला. त्याने फळी थेट न्यायालयात आणवली आणि तिन्ही बाण २०च्या घरात मारून दाखवले. मग न्यायालयातल्या कारकुनाला मारायला सांगितले, तर त्याला ते जमेना! मालक सुटला. इतिहासकारांना या कथेचा भक्कम पुरावा मिळालेला नाही, तेव्हा ती लोककथा म्हणूनच घ्यावी. पण गरिबांनी ती इतकी वर्षे जपली, यातून त्यांच्या मनातली सल कळते. आमच्या हातातल्या कसबाला जुगार म्हणू नका, एवढेच त्यांचे म्हणणे.

संशय मात्र चटकन गेला नाही. १९३९ साली ग्लासगोच्या मॅजिस्ट्रेटांनी पबमधला हा खेळ बंद केला. खेळामुळे माणसे पबमध्ये जास्त वेळ रेंगाळतात, ही त्या काळची तक्रार. खेळणारे म्हणत, हातात बाण असला की पेल्याकडे लक्ष कमी जाते. दोन्ही म्हणण्यांत थोडेथोडे तथ्य असावे.

याच काळात खेळाला मानही मिळत होता. १९२७ साली 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या वृत्तपत्राने लंडन भागात स्पर्धा सुरू केली. १९३७ साली राजा सहावा जॉर्ज आणि राणी एलिझाबेथ स्लाव गावच्या समाजकेंद्राला भेट द्यायला गेली असता दोघांनीही बाण फेकले आणि गुण राणीचे जास्त झाले! वर्तमानपत्रांनी ते छापले, आणि पुष्कळ स्त्रियांना या खेळाची गोडी लागली.

आता घायपाताकडे वळू. पूर्वी फळ्या बहुधा एल्म नावाच्या झाडाच्या लाकडाच्या असत. लाकूड सुकले की तडकायचे, म्हणून रात्री फळी पाण्यात भिजत घालावी लागे. १९३०च्या दशकाच्या आरंभी सिसालच्या वाखाच्या फळ्या निघाल्या. वाखाचे तुकडे गच्च दाबून त्यांची टोके समोर ठेवतात. बाण धाग्यांच्या मधे शिरतो आणि काढला की धागे पुन्हा मिटतात. भिजवणे सुटले, फळी टिकू लागली.

शिक्षक बंधुभगिनींना यातला हिशेब आवडेल. खेळाडूच्या नावावर ५०१ गुण मांडतात. प्रत्येक पाळीला तीन बाण, आणि मिळालेले गुण वजा करीत नेमके शून्यावर यायचे. शेवटचा बाण मात्र बाहेरच्या दुपटीच्या कड्यात किंवा अगदी मधल्या ठिपक्यात लागला पाहिजे. बाजूला पाटी आणि हातात खडू. आता मला सांगा, शेवटी ४० उरलेले बरे की ३२? ४० उरले असता २०ची दुप्पट हवी. बाण कड्याच्या आत पडून २०च मिळाले तर उरले २०, मग १०ची दुप्पट. पुन्हा तसेच झाले तर १०, मग ५ची दुप्पट. तीही हुकली की उरतात ५, विषम, आणि वाट बंद. पण ३२ घ्या: ३२, १६, ८, ४, २. दर वेळी तसेच चुकले तरी निम्मे होतात आणि दुपटीची वाट उघडीच राहते. शाळा लवकर सुटलेल्या मजुरांना हे गणित तोंडपाठ असे, ते या पाटीमुळे.

पुढे १९७८ साली नॉटिंगहॅमला पहिली एम्बसी जागतिक स्पर्धा झाली. डिसेंबर २०१९मध्ये फॅलन शेरॉक ही जागतिक स्पर्धेतला सामना पुरुषाविरुद्ध जिंकणारी पहिली स्त्री ठरली. जानेवारी २०२५मध्ये ल्यूक लिटलर अवघ्या सतराव्या वर्षी जगज्जेता झाला. त्या यशावर आता कोणी जुगाराचा शिक्का मारीत नाही.

आपल्याकडेही जुन्या देवळांच्या पायऱ्यांवर वाघबकरीचे पट कोरलेले दिसतात. तिथे कोणी खडे मांडून बसलेला दिसला तर 'रिकामटेकडा' म्हणून पुढे जाण्याआधी क्षणभर थांबा. त्याच्या डोक्यात कोणता हिशेब चालला आहे, ते एकदा विचारून तर पाहा.