ब्रेनन, वॉल्टर अँड्र्यू

(२५ जुलै १८९४ – २१ सप्टेंबर १९७४). अमेरिकन चरित्र अभिनेता. मूकपटांच्या अखेरच्या वर्षांत गर्दीतला एक्स्ट्रा म्हणून पडद्यावर आला आणि पुढची चार दशके हॉलिवूडमध्ये टिकून राहिला. एकूण चित्रपट दोनशेहून अधिक. सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचे ऑस्कर १९३६ च्या चित्रपटांपासून देण्यास सुरुवात झाली, तो पहिला पुरस्कार ब्रेननचाच. तो ‘कम अँड गेट इट’साठी (१९३६) होता. पाठोपाठ ‘केंटकी’ (१९३८) आणि ‘द वेस्टर्नर’ (१९४०) यांसाठीही त्याला हा मान मिळाला. सहायक अभिनयाची तीन ऑस्कर नावावर असलेला तो एकमेव नट आहे.

जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातील लिन या गावी, आयरिश वंशाच्या कॅथलिक कुटुंबात. शिक्षण केंब्रिज येथील रिंज तांत्रिक शाळेत. नाटकाची आवड शाळेपासूनची, पण पोटासाठी बँकेत कारकुनीही केली. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये तोफखान्यात होता. तिथे विषारी वायूने घसा बिघडला आणि त्याचा तो प्रसिद्ध चिरका आवाज तयार झाला, असे सांगितले जाते. १९२० मध्ये रूथ वेल्स हिच्याशी विवाह झाला आणि तो अखेरपर्यंत टिकला. त्यांना तीन अपत्ये झाली. युद्धानंतर तो कॅलिफोर्नियात गेला, जागांच्या खरेदी-विक्रीत पैसा कमावला आणि भाव कोसळताच गमावलाही. हातात काहीच उरले नाही तेव्हा त्याने स्टुडिओंच्या फाटकाची वाट धरली.

एक्स्ट्राचे काम म्हणजे रोजंदारी. आज शिपाई, उद्या टॅक्सीवाला, परवा जमावातला कोणी एक, आणि श्रेयनामावलीत नाव नाही. ‘द इनव्हिजिबल मॅन’ (१९३३) आणि ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ (१९३५) या गाजलेल्या चित्रपटांत ब्रेनन आहे, पण माहीत असल्याशिवाय सापडत नाही. याच काळात, १९३२ च्या सुमारास, एका अपघातात त्याचे पुढचे बरेचसे दात गेले. देखण्या नायकाची कारकीर्द एवढ्यावर संपली असती. ब्रेननची इथून सुरू झाली. कवळी काढली की गाल आत जात, ओठ दुमडत, उच्चार बोबडे होत आणि चाळिशीही न गाठलेला माणूस सत्तरीचा दिसे. कवळी बसवली की तोच माणूस वकील, पाद्री किंवा वार्ताहर म्हणून उभा राही. ‘बार्बरी कोस्ट’ (१९३५) या चित्रपटाच्या वेळची एक आठवण दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स पुढे नेहमी सांगत असे. संवाद वाचून दाखवण्यापूर्वी ब्रेननने विचारले, ‘सह की विना?’ हॉक्सला अर्थ कळेना. ब्रेननचा प्रश्न दातांबद्दल होता. हॉक्सने त्याला दातांविना उभे केले आणि मूळची किरकोळ भूमिका चित्रीकरणात वाढत गेली.

ब्रेननची गंमत सांगताना बहुतेक लोक या कवळीपाशीच थांबतात. तसे थांबणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. दात काढणे ही रंगभूषेची युक्ती झाली. ती कोणालाही जमेल. त्याची खरी ताकद नायकाच्या शेजारी उभे राहून नायकाला माणसात ठेवण्यात होती. हॉक्सबरोबर त्याने सहा चित्रपट केले, त्यांत हे सर्वांत स्पष्ट दिसते.

‘टू हॅव अँड हॅव नॉट’मधला (१९४४) एडी हा हम्फ्री बोगार्टच्या बोटीवरचा दारुडा साथीदार. हात थरथरणारे, चाल फरफटत. भेटेल त्याला तो एकच वेडगळ प्रश्न विचारतो: मेलेली मधमाशी कधी चावली आहे का? लोक हसतात, वैतागतात, झिडकारतात. लॉरेन बकॉलची नायिका मात्र तोच प्रश्न गंभीरपणे त्याच्यावर उलटवते आणि एडी खूश होतो. प्रश्न बावळटासारखा असला तरी कोण कोणाला माणूस समजतो याची परीक्षा त्यातून होते, आणि प्रेक्षकही नकळत पात्रांना त्याच मापाने मोजू लागतो. सहायक नटाने एका वाक्याच्या आधारावर चित्रपटाचा नैतिक तोल सांभाळावा, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

‘रेड रिव्हर’मध्ये (१९४८) तो ग्रूट नावाचा आचारी आहे. जुगारात त्याने कवळी एका रेड इंडियन सोबत्याकडे हरली आहे आणि ती त्याला फक्त जेवणापुरती परत मिळते. हा विनोद पुरेसा होता. पण जॉन वेनचा डन्सन हळूहळू हुकूमशहा होत जातो तेव्हा त्याला तोंडावर ‘चुकलात’ म्हणणारा माणूस ग्रूटच असतो. जुना नोकर जसे बोलेल तसे तो ते बोलतो: आवाज न चढवता, नजर न भिडवता, पण माघार न घेता. अखेर गुरांचा कळप घेऊन निघालेल्या तरुणांबरोबर तो डन्सनला सोडून जातो. ग्रूट गेला, एवढ्यावरूनच डन्सन किती घसरला हे कळते.

‘द वेस्टर्नर’मध्ये विल्यम वायलरने त्याला न्यायाधीश रॉय बीनची भूमिका दिली. दारूच्या गुत्त्यातच न्यायदान करणारा, माणसे फासावर लटकवणारा हा टेक्सासचा मनमानी म्हातारा लिली लँग्ट्री या नटीवर दुरून जीव टाकतो. गुत्त्याच्या भिंतींवर तिचीच चित्रे. गॅरी कूपर तिच्या केसांची बट आपल्याकडे असल्याची थाप मारतो आणि त्या आशेवर आपला जीव वाचवतो. बट मागताना ब्रेननच्या चेहऱ्यावर आधी संशय, मग लोभ आणि मग शाळकरी पोराचा लाजरेपणा येतो. शेवटी तिच्या प्रयोगाची सगळी तिकिटे विकत घेऊन तो जुना लष्करी गणवेश चढवतो आणि रिकाम्या नाट्यगृहात एकटाच बसतो. पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर कूपर पिस्तूल घेऊन उभा असतो. या खुनशी माणसाचा आपल्याला राग येत राहतो आणि तरी त्या क्षणी पोटात कालवते. चित्रपट कूपरच्या नावावर विकला गेला. लक्षात राहतो तो ब्रेनन.

त्याच्या पुरस्कारांविषयी एक आक्षेप नेहमी घेतला जातो. त्या वर्षांत हॉलिवूडच्या एक्स्ट्रांनाही मतदानाचा हक्क होता, त्यांची संख्या मोठी होती आणि ब्रेनन त्यांच्यातूनच वर आलेला. त्यांची एकगठ्ठा मते त्याला मिळत. पुढे अकादमीने एक्स्ट्रांचा हा हक्क काढून घेतला. आक्षेपात तथ्य आहे. ‘केंटकी’मधला घोडे पाळणारा चिडखोर म्हातारा आज पाहिला तर ठसठशीत वाटतो, असामान्य नाही. पण ‘द वेस्टर्नर’चा पुरस्कार कोणत्याही मतदारयादीने त्यालाच द्यायला हवा होता. त्या काळी सहायक कलाकारांना पुतळा नव्हे तर फलक दिला जाई, हेही नोंदवायला हवे. १९४१ च्या ‘सार्जंट यॉर्क’मधील पाद्र्याच्या भूमिकेसाठी चौथे नामांकन मिळाले, त्या वेळी पुरस्कार डोनाल्ड क्रिस्पला गेला.

प्रेमळ म्हाताऱ्याचा शिक्का त्याच्यावर बसला असे म्हणणाऱ्याने जॉन फोर्डचा ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’ (१९४६) पाहावा. त्यातील ओल्ड मॅन क्लँटन हा क्रूर बाप आहे. मुलांनी बंदूक उपसली पण माणूस मारला नाही, म्हणून तो वयात आलेल्या त्या मुलांना चाबकाने झोडतो. लकबी जवळजवळ त्याच आहेत, तोच आवाज, तेच वाकलेले खांदे. फक्त डोळ्यांतली ऊब त्याने काढून घेतली आहे. फ्रँक काप्राच्या ‘मीट जॉन डो’मध्ये (१९४१) तो पैशापासून पळणारा भटक्या होता, फ्रिट्झ लांगच्या ‘हँगमेन ऑल्सो डाय’मध्ये (१९४३) नाझींच्या तावडीत सापडलेला प्राध्यापक, तर ‘बॅड डे अ‍ॅट ब्लॅक रॉक’मध्ये (१९५५) गावाच्या पापाची लाज वाटणारा डॉक्टर.

‘रिओ ब्राव्हो’ (१९५९) आला तेव्हा ब्रेनन ६४ वर्षांचा होता. पडद्यावरचे वय आता कुठे त्याला खरोखर लागू झाले होते. त्यातला लंगडा तुरुंगरक्षक स्टम्पी बंदूक घेऊन कोठडीपाशी बसतो आणि आपल्याला कोणी विचारत नाही म्हणून दिवसभर कुरकुरतो. एकदा जॉन वेन त्याच्या टकलावर मुका घेतो आणि स्टम्पी त्याला झाडूने हाणतो. वेनच्या दगडी चेहऱ्याला एवढी माया दाखवायला ब्रेननसारखाच जोडीदार लागत होता.

दूरचित्रवाणीने त्याला पहिल्यांदा घराघरांत नेले. ‘द रिअल मॅकॉइज’ ही विनोदी मालिका १९५७ ते १९६३ अशी सहा हंगाम चालली. वेस्ट व्हर्जिनियातून कॅलिफोर्नियात शेतीसाठी आलेल्या कुटुंबाचा हेकेखोर आजा अमॉस ही त्याची भूमिका होती. ‘द गन्स ऑफ विल सॉनेट’ (१९६७–६९) ही नंतरच्या काळातली मालिका. १९६२ मध्ये ‘ओल्ड रिव्हर्स’ हे त्याने गद्यात म्हटलेले गाणे अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या पाचांत पोहोचले. या वर्षांतले चित्रपट मात्र बहुतेक आधीच्याच भूमिकांच्या आवृत्त्या आहेत.

खासगी जीवनात तो कट्टर उजव्या मतांचा होता. कम्युनिस्टविरोधी चित्रपट व्यावसायिकांच्या संघटनेत तो होता, १९६४ मध्ये त्याने बॅरी गोल्डवॉटरला पाठिंबा दिला आणि कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीमागे कम्युनिस्ट असल्याचे तो मानत असे. ज्याने पडद्यावर दुबळ्या, हिणवलेल्या माणसांना इतकी प्रतिष्ठा दिली त्याची ही मते वाचून त्रास होतो. नोंदीत ती असायलाच हवीत. त्याच्या भूमिकांचे मोल मात्र भूमिका पाहूनच ठरवावे. ऑरेगन राज्यात जोसेफ गावाजवळ त्याचे मोठे पशुपालन क्षेत्र होते आणि चित्रीकरण नसेल तेव्हा तो तिकडे राही.

फुप्फुसाच्या विकाराने कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्ड येथे वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याचे काम नव्याने पाहणाऱ्याने ‘द वेस्टर्नर’पासून सुरुवात करावी आणि लगेच ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’ पाहावा.