रोवाले, चाराले, कराले : भंडाऱ्याची बोली आणि इंग्रजीतला ‘टू’

भंडारा जिल्ह्यात धानाच्या हंगामात माणूस ‘बजारले’ जातो, तसाच ‘रोवाले’ही जातो. पहिला शब्द नामापासून झाला आहे, दुसरा क्रियापदापासून, पण दोघांच्या शेवटी ‘ले’ एकच. ‘मले’, ‘तुले’ या रूपांतही तोच. प्रमाण मराठीत त्याच्या जागी ‘ला’ येतो : बाजाराला, रोवायला. इंग्रजीत हेच काम ‘टू’ करतो. ‘टू मार्केट’ म्हणताना तो नामाआधी असतो, ‘टू गो’ म्हणताना क्रियापदाआधी. मुळात दिशा दाखवणारा शब्द पुढे हेतू दाखवू लागला आणि हळूहळू क्रियापदालाच चिकटला. हा प्रवास दोन्ही भाषांनी स्वतंत्रपणे केला, आणि दोघींच्या इतिहासात तो स्पष्ट दिसतो.

साधारण इ. स. ११०० पूर्वीच्या इंग्रजीत क्रियेचे मूळ रूप दोन तऱ्हांनी येई. नुसते रूप ‘डोन’, म्हणजे करणे. त्याच्याआधी ‘टो’ आला की त्याला विभक्तीचा प्रत्यय लागे आणि ‘टो डोन्ने’ होई, म्हणजे करण्याकडे, करण्यासाठी. क्रियापद इथे उघडउघड नामासारखे वागत होते. पुढच्या शतकांत शेवटचे प्रत्यय झिजून गेले आणि खूण म्हणून ‘टू’ तेवढा उरला. तो नुसती खूण झाल्यामुळे हेतू ठसवायला मधल्या काळात ‘फॉर टू’ अशी जोडीही चालली. प्रमाण इंग्रजीने ती नंतर टाकली. ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘लेट’ यांच्यामागे मात्र जुने नुसते रूप आजही ‘टू’विना येते. ‘ऑफ’, ‘इन’, ‘बिफोर’ अशा बाकीच्या अव्ययांमागे ‘टू’चे रूप बसले नाही. ती जागा ‘इंग’ प्रत्ययाच्या नामाने घेतली. म्हणून इंग्रजीत ‘बिफोर गोइंग’ म्हणतात, ‘बिफोर टू गो’ म्हणत नाहीत.

मराठीने वेगळी वाट धरली. ‘करू’ हे रूप संस्कृत ‘कर्तुम्’च्या घराण्यातले, ‘करणे’ हे ‘करणम्’च्या, आणि ‘करावया’ हे ‘तव्य’ प्रत्ययातून आलेले. ‘करावयास’, ‘करायास’, ‘करायला’ अशी त्याची झीज होत गेली आणि पूर्वेकडे त्याच ओळीतून ‘कराले’ झाले. ‘करावया’सारखी रूपे तेराव्या शतकाच्या गद्यात आणि ओवीत सर्रास आहेत. त्या काळाशी भंडाऱ्याचे नातेही जुने आहे : महानुभाव पंथाच्या चक्रधरांचे अनुयायी निळभट्ट भांडारेकार याच गावचे, आणि लीळाचरित्र या त्या काळच्या गद्यग्रंथात त्यांच्याविषयीची लीळा येते.

मराठीचे खरे वैभव ‘करणे’च्या सामान्यरूपात आहे. ‘करण्या’ एवढे हाती आले की त्यामागे कोणतेही शब्दयोगी अव्यय लावता येते : करण्यासाठी, करण्यापूर्वी, करण्याऐवजी, करण्याबद्दल, करण्यामुळे. इंग्रजीला जे काम ‘टू’ आणि ‘इंग’ अशा दोन रूपांत वाटून द्यावे लागले, ते मराठी एकाच रूपावर निभावते. इंग्रजी शिकणारा मराठी मुलगा ‘बिफोर टू गो’ लिहितो तेव्हा तो निष्काळजी नसतो. ‘जाण्यापूर्वी’ आणि ‘जाण्यास’ यांत त्याच्या भाषेने भेद केलेला नाही, एवढेच त्यामागचे कारण.

व्याकरणकारांनी ‘करणे’ हे रूप कोणत्या कप्प्यात ठेवावे याचा खल बराच झाला. विल्यम केरी यांचे मराठीचे इंग्रजी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरहून निघाले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ चे, आणि त्याच्यावर इंग्रजी व्याकरणाच्या मांडणीची छाया होती. १९११ मध्ये मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिले तोवर संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही साच्यांची झाडाझडती झाली होती. ‘करणे’ हे धातुसाधित नाम, हे शालेय पुस्तकांत पक्के झाले. पण हा खल मुख्यतः प्रमाण भाषेवर चालला होता. ‘कराले’कडे या व्याकरणकारांनी फारसे पाहिले नव्हते.

ते काम जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाने केले. त्याचा सातवा खंड मराठीचा, १९०५ चा. त्यात भंडाऱ्याची मराठी ‘नागपुरी’ या नावाखाली येते. प्रत्येक बोलीसाठी ठरलेल्या २४१ शब्द-वाक्यांच्या यादीत ‘टू बी’ आणि ‘टू बीट’ ही रूपे होती. नमुन्यासाठी बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट घेतली जाई. त्या गोष्टीत मुलाला शेतात डुकरे चारायला धाडतात, म्हणजे प्रत्येक बोलीला तिथे हेतू सांगणारे रूप द्यावेच लागे. भंडाऱ्याकडे ते ‘चाराले’ असते. पुढे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या भागाच्या बोलीचा, म्हणजे झाडीबोलीचा, शब्दकोश आणि अभ्यास उभा केला, आणि ही रूपे अशुद्ध मराठी नसून एका बोलीची शिस्त आहे हे भंडारा-गोंदियाच्या माणसालाही ठामपणे सांगता येऊ लागले.

नामाशी जोडताना दोन्ही भाषांतला फरक सर्वांत जास्त जाणवतो. ‘राहायला घर’, ‘बसायला पाट’, ‘लिहायला पेन’ एवढ्यावर मराठी थांबते. घरात राहायचे, पाटावर बसायचे, पेनाने लिहायचे, हे ऐकणारा समजून घेतो. इंग्रजी ते समजुतीवर सोडत नाही : ‘अ हाउस टू लिव्ह इन’, ‘अ चेअर टू सिट ऑन’, ‘अ पेन टू राइट विथ’. शेवटचा ‘इन’, ‘ऑन’ किंवा ‘विथ’ गाळला की वाक्य लंगडे होते. मात्र ‘वॉटर टू ड्रिंक’मध्ये शेवटी काहीच लागत नाही, कारण पाणी हे पिण्याचे थेट कर्म आहे. कोणते अव्यय लागेल हे ओळखण्याचा सोपा मार्ग मराठीतूनच जातो : पूर्ण वाक्य करून पाहावे. ‘घरात राहतो’ यात ‘त’ आहे, म्हणून ‘इन’. ‘पाणी पितो’ यात काही नाही, म्हणून काही नाही. दुसऱ्या एका तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’ने पिढ्यानपिढ्या मराठी मुलांकडून दोन्ही बाजूंची वाक्ये घोटून घेतली, ती याच वाटेने. २००० पासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाऊ लागले. त्यासोबत मराठी वाक्य करून पाहण्याची ही तपासणीही वर्गात राहिली असती तर बरे झाले असते.

एक अडचण उरते. ‘लुक फॉरवर्ड टू’ आणि ‘बी यूज्ड टू’ यांतला ‘टू’ क्रियापदाचा नव्हे, नामाचा. म्हणून त्यापुढे ‘गोइंग’ येते, ‘गो’ येत नाही. तिथे क्रियापदाऐवजी एखादे नाम ठेवून पाहावे. ‘लुक फॉरवर्ड टू द हॉलिडे’ चालते, तेव्हा हा ‘बजारले’मधला ‘टू’ आहे. ‘वॉन्ट टू द हॉलिडे’ चालत नाही, तेव्हा तो ‘रोवाले’मधला. भंडाऱ्याच्या बोलीत दोन्हीकडे ‘ले’च आहे, पण ‘बजार’ला तो थेट लागतो आणि ‘रोव’ला आधी ‘रोवा’ व्हावे लागते. इंग्रजीत तीच खूण ‘टू’च्या पुढच्या रूपावर शोधावी लागते.