समीक्षकमान्यता व लोकप्रियता

कलाकृतीला जाणकारांकडून मिळणारी दाद आणि सर्वसामान्य रसिकांचा प्रतिसाद यांतील नाते दर्शवणारी संज्ञाजोडी. समीक्षकमान्यता परीक्षणे, पारितोषिके, महोत्सव व अभ्यासक्रम यांतून दिसते. लोकप्रियता तिकीटबारीवरचा गल्ला, पुस्तकांचा खप, नाटकाची प्रयोगसंख्या आणि लोकांच्या ओठांवर रुळलेली गाणी यांतून.

या दोन्ही गोष्टी एकाच कलाकृतीच्या वाट्याला येतातच असे नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, झुंजार, काळा पहाड हे त्यांचे नायक घरोघरी पोचले, पण वाङ्मयीन समीक्षेने त्यांची फारशी दखल घेतली नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवात पुरस्कार मिळाले, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, तरी गर्दी खेचणारा चित्रपट म्हणून त्याची ओळख नाही.

मात्र या दोहोंत मुळातच वैर आहे, हा समज मराठी चित्रपटानेच खोटा ठरवला आहे. ‘प्रभात’ या चित्रपटसंस्थेचा ‘संत तुकाराम’ (१९३६, दिग्दर्शक दामले-फत्तेलाल) मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिस महोत्सवात गौरवला गेला. आजारी मुलाला ओढत, हातात वहाण घेऊन थेट विठोबाला जाब विचारायला निघालेली तुकारामांची पत्नी जिजाई त्यात आहे. तिचा संताप खेड्यातल्या बाईला आपला वाटला. भक्तिपटात संसाराची ओढाताण इतक्या खरेपणाने आली, हे समीक्षकांना मोलाचे वाटले.

नागराज मंजुळे यांचा आंतरजातीय प्रेमकथेवरचा ‘सैराट’ (२०१६) बर्लिन महोत्सवात दाखवला गेला आणि नंतर मराठी चित्रपटाच्या कमाईचे आधीचे विक्रम त्याने मोडले. त्यातील गाण्यांवर प्रेक्षक चित्रपटगृहातच नाचले. शेवटी मात्र रक्ताने माखलेली पावले उमटवत एक लहान मूल चालत जाते. तेथे संगीत नाही. नाचलेले प्रेक्षक त्या शांततेत सुन्न होऊन बाहेर पडले.

दोन्ही चित्रपटांनी लोकांना पाठ असलेले जगच पडद्यावर आणले : अभंग, करपलेला संसार, जातीची गावकी. ते गोड करून दाखवले नाही, म्हणून समीक्षकांनी ते मानले. परके करून दाखवले नाही, म्हणून लोकांनी.