दंतोद्भव, सहाण आणि बाळगोळी

जुन्या वाड्यांतून दप्तरें मिळविणाऱ्या आमच्या स्नेह्यांची एक खोड आहे. रुमाल सुटला कीं सनदा, महजर, निवाडपत्रें आणि वंशावळी एकीकडे निघतात. आणि ज्या चिटोऱ्यावर मुलाच्या दांतांवरचें एखादें औषध टिपलेलें असतें तें बहुधा केरांत जातें. आम्हींही पूर्वीं असेंच केलें आहे, हें कबूल करावयास हरकत नाहीं. या चिटोऱ्यांची आज थोडी तरफदारी करावयाची आहे.

निमित्त दिसावयास क्षुल्लक आहे. सहा-आठ महिन्यांचें मूल. हिरड्या सुजलेल्या, लाळ गळत असलेली, आणि घटका दोन घटकांनीं जागें होऊन रडणें. राज्यें आलीं आणि गेलीं, हें रडणें तेंच राहिलें. परंतु तें थांबविण्यासाठीं कोणत्या काळीं, कोणत्या घरांत, काय दिलें गेलें यास मात्र इतिहास आहे. आणि अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) मध्यें धरून तो बराचसा लावतां येतो.

प्रथम शास्त्र पाहूं. महाराष्ट्रांतील वैद्यांच्या घरीं वाग्भटाच्या अष्टांगहृदयाइतका दुसरा वैद्यकग्रंथ क्वचितच आढळतो. त्याच्या उत्तरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायांत बालरोग सांगितले आहेत. दांत येणें हें बहुतेक सर्व बालरोगांचें मूळ, असें वाग्भट मानतो. मांजराच्या पाठीचा आणि मोराच्या तुऱ्याचा दाखला देऊन मुलाचें सर्वांग त्या वेळीं दुखतें असें तो म्हणतो. हिरडीस चोळण्यास पिंपळीचें चूर्ण व मध, किंवा धायटीचीं फुलें व आवळा; पोटांत देण्यास हळद, देवदार, गजपिंपळी, रिंगणी, पिठवण, शोपा इत्यादिकांचें चूर्ण मधतुपांतून. येथपर्यंत वैद्य बोलतो. त्यानंतर मात्र तोच सांगतो कीं, दांतांच्या दुखण्यांत मुलास पथ्यपाण्यानें फार जखडूं नये. दांत आले कीं तीं दुखणीं आपोआप शमतात. हजारांहून अधिक वर्षांपूर्वींच्या ग्रंथकारानें आपल्याच औषधांस ही मर्यादा घालावी, याचें आम्हांस फार कौतुक वाटतें. आजचें वैद्यकही लाळ, चिडचिड व किंचित् कढत अंग एवढेंच दांतांच्या माथीं मारतें, आणि खरा ताप किंवा जुलाब असल्यास कारण अन्यत्र शोधावयास लावतें. (मधाचें अनुपान मात्र वर्षाच्या आंतील मुलास आतां वर्ज्य मानितात.)

काश्यपसंहिता नेपाळांतील खंडित ताडपत्रावरून १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागरांत छापून निघाली. तींत दांतांच्या जन्मावर स्वतंत्र अध्यायच आहे. आठव्या महिन्यांत येणारे दांत उत्तम, मुलींस त्रास कमी व मुलांस अधिक, असें काश्यपाचें मत. वरचे दांत आधीं आले तर मामास जड, अशी समजूत आपल्या बायकांत आहे. तिचें मूळ अशिक्षितपणांत शोधणाऱ्यांनीं वाग्भट पुन्हा पाहावा. त्यानेंही असे दांत हा उत्पात मानून शांति व नैगमेषाची पूजा सांगितली आहे. १६१२ सालच्या निर्णयसिंधूंतही दंतजननाची शांति आहे, आणि त्याचा कर्ता कमलाकरभट्ट काशीचा असला तरी त्याचें घराणें मूळ पैठणचें, म्हणजे शेवगांव तालुक्याच्या पलीकडच्या तीरावरचें.

घरांतली चाल याहून साधी होती, आणि ती लिहिलेली फार थोडी आहे. सहाणेवर आईच्या दुधांत किंवा पाण्यांत वेखंड, हिरडा, मुरडशेंग, हळकुंड, मायफळ, खारीक उगाळावयाची. दांतांच्या दिवसांत डिकेमाली, आणि झोंपेसाठीं जायफळ. माप तोळ्यामाशांचें नव्हे, वळशांचें: लहान मुलास एक वळसा, थोरल्यास दोन. बाळकडू हा शब्द आज आपण शौर्याच्या नि देशभक्तीच्या व्याख्यानांत वापरतों, पण तो या सहाणेवरचाच आहे. मूल झोंपेंत हसलें-रडलें तर तें सटवाईचें करणें. फारच दचकूं लागलें तर मीठमोहऱ्या उतरून दृष्ट काढावयाची. यांतलें जायफळ वळशापलीकडे गेलें तर अपायकारक, हें जुन्या बायांस ठाऊक होतें. म्हणूनच माप इतकें आखडतें.

आतां ज्या पदार्थासाठीं हें टिपण लिहिलें त्याकडे वळूं. वाग्भटाच्या ग्रंथांत अफूचें नांव नाहीं. संस्कृत वैद्यकांत अहिफेन दिसूं लागतें तें तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास. शार्ङ्गधरसंहितेंत तें स्पष्ट आहे. म्हणजे मुलास निजविण्याची अफूची गोळी प्राचीन शास्त्रांतून आली असें कोणी म्हणेल तर तें टिकणार नाहीं. नगरच्या निजामशाहींत अफू किती मुरली होती याचा साक्षीदार परकी, पण डोळस आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता हा बुऱ्हाण निजामशहाच्या ओळखीचा व त्याच्या उपचारास जाणारा. १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथांत त्यानें अफूवर एक संवाद घातला असून, निजामशहाच्या पदरचा एक खोरासानी चिटणीस रोज तीन तोळे अफू खाई, विद्वान् व उत्तम लेखक असूनही सदा पेंगत असे, असें नमूद केलें आहे. चिटणीसाची पेंग इतिहासांत आली. पाळण्यांतली पेंग येण्यास आणखी सवातीनशें वर्षें लागलीं.

ती आली सरकारी चौकशांतून. १८९३ सालीं नेमलेल्या अफू कमिशनपुढील साक्षींत मुलांस अफू देण्याची चाल पुनःपुनः निघाली. पुढें १९२२ सालीं मुंबई सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्यें एका स्त्री-डॉक्टरचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्यांत मुंबईंतील कामकरी बायांच्या मुलांपैकीं शेंकडा ९८ मुलांस अफू दिली जाते, असा आंकडा आहे. अफू व मसाल्याचे पदार्थ मिळून केलेल्या या गोळीस बाजारांत बाळगोळी म्हणत. त्या गिरण्यांत कोंकणच्या व साताऱ्याच्या बायांबरोबर आमच्या नगरच्याही बाया होत्या.

या आंकड्यावर तेव्हां बरेंच लिहिलें गेलें, आणि त्यांतला बराच भाग आयांच्या अज्ञानावर होता. आमचें मत निराळें आहे. पहांटे उठून जात्यावर बसावयाचें, दिवस उजाडतांच गिरणींत किंवा दुसऱ्याच्या शेतांत उभें राहावयाचें, झोळी झाडास बांधावयाची, आणि रात्रीं खोलींत निजलेल्या आठ-दहा माणसांची झोंप मोडूं द्यावयाची नाहीं. अशा बाईस सहाण धरून वळसे मोजण्यास वेळ कोठला? गोळी रडणें थांबवी, पण भूकही थांबवी. मूल दूध ओढीनासें होई, मलावरोध होऊन वाळत जाई, मात्रा थोडी चढली कीं श्वासच मंदावे. एक दिवस गोळी चुकली तर तें दुप्पट रडे, आणि आईस वाटे कीं दांतच फार छळतात. घातक वस्तु औषधाच्या नांवानें टिकून राहते ती अशी.

ही चाल आपलीच असें मानणेंही चूक होय. १८३१ पासून ज्या अमेरिकन मिशनचें ठाणें नगरास आहे, त्याच्या मायदेशीं १८४९ सालीं मेन प्रांतांतील बँगोर येथें विन्स्लो बाईचें दांतांवरचें ‘सूदिंग सिरप’ निघालें. त्यांत मॉर्फिन होतें. १९११ सालीं तेथील वैद्यक संस्थेनें तें घातक ठरविलें, तरी त्याची विक्री पुढेंही कांहीं वर्षें चालली. नॉटिंगहॅमच्या वुडवर्डनें १८५१ सालीं काढलेलें ग्राइप वॉटर त्या मानानें सौम्य. त्यांत मद्यार्क होताच. परंतु मुख्य द्रव्य शेपूच्या बियांचें तेल, म्हणजे आमच्याच बाळंतशोपा बाटलींत घालून परत आलेल्या.

हिंदुस्थानांत वैद्यकाबाहेरची अफूविक्री १९५९ सालच्या मार्चअखेर बंद झाली.

या सर्वांत एक मोठी पोकळी आहे. कमिशनची साक्ष इंग्रजी, वाग्भट संस्कृत. आणि नगर, नेवासें, पाथर्डी, जामखेड येथील घरांत या दोहोंमध्यें काय घडत होतें तें सांगणारा कागद म्हणजे तोच मोडींतला चिटोरा. तो हातीं आल्यास चार गोष्टी टिपाव्या. अफू आहे कीं नाहीं. असल्यास माप वळशांत कीं गुंजेंत. कागद कोणत्या धंद्याच्या घरांतला. आणि पाठीवर हिशेब असेल तर त्याचा शक कोणता. भटजी-वैद्यांच्या बाडांत अफू नसून कुणबी-सावकारांच्या हिशेबांत अफूची खरेदी व बाळंतिणीचें सामान एकत्र पडलेलें दिसेल, तर बाळगोळी गिरणीपूर्वीं शेतावरच होती किंवा कसें, याचा निकाल लावतां येईल. तोंवर आमचें वरील मत हा निव्वळ तर्कच समजावा. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयांत व खासगी दप्तरांत जुने कागद पुष्कळ आहेत. ज्यांच्या हातीं रुमाल आहेत त्यांनीं निदान औषधांच्या चिटोऱ्यांची एक वेगळी पिशवी करून ठेवावी, आणि अफूचें नांव आलेला एकही कागद आढळल्यास त्याची नक्कल मंडळाकडे धाडावी.